दर वेळी एकाच पद्धतीने खेळायची सवय कशी मोडावी? (सिव्ह, म्हणजे 'सिव्हिलायझेशन', आणि इतर टर्न बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने चाल करायचे खेळ)

शेवटचीचाल

मंडळी, बरेच दिवस 'सिव्हिलायझेशन ६' (आपलं राष्ट्र उभं करून जिंकायचा संगणकावरचा खेळ) खेळतोय. माझी पद्धत ठरलेली आहे. डोंगर शोधायचे, त्याला लागून कॅम्पस (विज्ञान देणारा विभाग) टाकायचा, चार-पाच शहरं झाली की सैन्याकडे पाठ फिरवायची आणि एकेक आश्चर्य (अख्ख्या खेळात एकालाच बांधता येणारी भव्य वास्तू) बांधत विज्ञानाने जिंकायचं. प्रिन्स पातळीवर हे आरामात चालतं, त्याहून अवघड किंगवरही निभावतं. त्यावरचं एम्परर लावलं की गाडं अडलंच. ओरॅकलचं आश्चर्य अर्धं बांधून होतं आणि निरोप येतो की दुसऱ्या कुणीतरी पूर्ण केलं. तेवढ्यात शेजारी दारात सैन्य घेऊन हजर.

तर प्रश्न असा की तुम्ही खेळायची पद्धत खरंच बदलता का? आणि बदलत असाल तर ते कशावरून ठरवता? नकाशावरून, शेजाऱ्यावरून की मिळालेल्या संस्कृतीवरून (म्हणजे राष्ट्रावरून)? फक्त सिव्हच असं नाही. एक्सकॉम, वेस्नॉथ, हीरोज, काहीही चालेल. 'यूट्यूबवर अमक्याचा व्हिडिओ बघा' एवढं मात्र सांगू नका, ते सगळे बघून झालेत.

बारक्या

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

मृण्मयी_के

आधी एक गैरसमज दूर करू. पातळी वाढवली म्हणून सिव्हमधला संगणक हुशार होत नाही, त्याला खिरापत जास्त मिळते इतकंच. डेटी या सर्वांत अवघड पातळीवर तो तीन सेटलर (नवं शहर वसवणाऱ्या तुकड्या) घेऊन सुरुवात करतो, तुमच्याकडे एक. लढाईत त्याच्या प्रत्येक तुकडीला ४ गुण फुकट. शिवाय उत्पादन, विज्ञान, संस्कृती सगळ्यातच टक्केवारीने वाढ. एम्पररवर हेच, पण कमी प्रमाणात. त्यामुळे सुरुवातीच्या आश्चर्यांच्या शर्यतीत तो तुमच्या दोन फेऱ्या आधी पळत सुटलेला असतो. त्या शर्यतीत उतरायचंच नाही.

पण मिळालेली खिरापत तो वाया घालवतो. डिस्ट्रिक्ट (शहराचे विभाग) कुठेही टाकतो, धनुर्धारी पुढे आणि तलवारवाले मागे अशी फौज आणतो, एकेक तुकडी मरायला पाठवतो. मी एम्परर आणि त्यावरच्या पातळीवर पहिल्या स्काउटनंतर (टेहळ्यानंतर) तीन स्लिंगर (गोफणवाले) काढते. त्यातल्या एकाने रानटी टोळीतला कुणीतरी मारायचा. तेवढ्याने आर्चरीचा (धनुर्विद्येचा) युरेका मिळतो, म्हणजे ४० टक्के संशोधन फुकटात झालं. मग तिघांचे आर्चर (धनुर्धारी) करायचे. शेजारी आलाच तर त्याची फौज तुमच्या हद्दीत संपते, आणि त्याच्या शहराला तटबंदी व्हायच्या आत तुम्ही तिथे पोचता. तटबंदी झाल्यावर नुसत्या आर्चरनी काही होत नाही, हेही लक्षात असू द्या.

विज्ञानाने जिंकायचं सोडा असं मी म्हणत नाहीये. शेवट तोच ठेवा. बदल हवाय तो पहिल्या पन्नास-साठ टर्नमध्ये.

उंटावरचा शहाणा

मी उलटं बोलतो, राग मानू नका. बदलायचं कशाला? दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या तालावर नाचायचं, आणि रात्री अकराला लॅपटॉप उघडला की तिथेही 'परिस्थितीनुसार लवचीक' व्हायचं? मी प्रिन्सवर खेळतो, सगळी आश्चर्यं बांधतो, पेत्रा बांधताना वाळवंट कसं उजळतं ते बघतो आणि झोपतो. सिव्ह ४ चे डिझायनर सोरेन जॉन्सन यांचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे. मुभा मिळाली तर खेळाडू इतका हिशेबी होतो की खेळातली मजाच काढून टाकतो. पटतंय बघा.

मृण्मयी_के

@उंटावरचा शहाणा, ते म्हणणं तुमच्याविरुद्ध जातं की! दर वेळी तोच कॅम्पस, तेच ओरॅकल, तोच शेवट. हा हिशेबीपणा नाही तर काय? आणि प्रिन्सवर राहायला कोण नको म्हणतंय, पण शेवटचीचाल यांना एम्परर जिंकायचंय.

उंटावरचा शहाणा

हा हिशेब नाही, ताई, हे व्रत आहे. ह.घ्या. (हलके घ्या)

नागपुरी_तडका

काय राजेहो, सिव्हमधून बाहेर निघा जरा. एक्सकॉम खेळा (शिपाई घेऊन एलियनशी लढायचं), थो खेळ तुमची सवय आपोआप मोडते.

२०१२ चा एक्सकॉम आला तेव्हा आमची सगळ्यांची एकच पद्धत होती. चार पावलं जायचं, सगळ्यांना ओव्हरवॉचवर (शत्रू हलला की गोळी झाडायच्या पवित्र्यात) बसवायचं, एलियन आला की सहा बंदुका एकदम. अख्खा खेळ असाच रांगत रांगत. बनवणाऱ्यांनाही ते खटकलं असावं. पुढच्या वर्षीच्या 'एनिमी विदिन' पुरवणीत त्यांनी मेल्डचे (शिपायांना ताकद द्यायच्या पदार्थाचे) डबे ठेवले, ठराविक टर्नमध्ये पोचला नाही तर डबा गेला. २०१६ च्या एक्सकॉम २ मध्ये तं अर्ध्या मिशनला थेट टायमरच लावला. लोकांनी शिव्या घातल्या, टायमर काढायचे मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) आले. मीही टाकला होता. पण नंतर काढून टाकला, कारण टायमर असला की स्मोक ग्रेनेडची, ग्रॅपलची (दोराच्या आकड्याची), भिंत उडवून वाट काढायची खरी किंमत कळते. बिनाटायमरचं ते सामान पडूनच राहत होतं.

आणि एक्सकॉम २ च्या 'वॉर ऑफ द चोझन' पुरवणीत शिपाई थकतात. म्हणजे तुमचे सहा लाडके प्रत्येक मिशनला नेता येत नाहीत. स्नायपर दमला तं आज तलवारवाला घेऊन जा आणि त्याच्या परीनं खेळा. माझं मत असं हाय की पद्धत बदलायची अक्कल आपल्यात नसते. खेळानं रस्ता बंद केला की मंग आपण बदलतो.

तिरपा घोडा

एक्सकॉममध्ये नेम लागायची ९५ टक्के शक्यता होती. शत्रू शेजारच्या चौकोनात उभा होता. बंदुकीची नळी जवळपास त्याच्या छातीला टेकलेली. चुकला.

याच्याशी जुळवून घ्यायची पद्धत कुणाला माहीत असेल तर सांगा.

नागपुरी_तडका

@तिरपा घोडा, ग्रेनेड. ग्रेनेड चुकत नाही. आडोसाही उडवतो, मंग मागच्या गड्याची गोळी लागते. अर्धा आडोसा असला तं तुझे २० टक्के जातात, पूर्ण असला तं ४०. नेम सुधारत बसण्यापेक्षा आडोसा उडव भाऊ.

आजोबा६४

मुलांनो, तुम्ही जे काही नव्याने शोधताय ते बुद्धिबळात शेकडो वर्षांपासून आहे. प्रतिस्पर्धी हल्लेखोर असेल तर मोहऱ्यांची मारामारी करून डाव कोरडा करायचा, सावध असेल तर गुंतागुंत वाढवायची. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला, तो अंतिम सामना पाहा. समोर कोनेरू हंपी. नेहमीचे दोन डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत लागला. वेळ कमी झाला की खेळाची जातच बदलते.

तिरपा घोडा

आजोबा, दंडवत. पण एक फरक आहे. बुद्धिबळात सगळा पट उघडा असतो आणि सुरुवात दर वेळी तीच. इथे नकाशा काळा. डोंगरापलीकडे समुद्र आहे की तलवार घेऊन बसलेला शेजारी, हेच माहीत नसतं. त्यामुळे आधी माहिती गोळा करायला मोहरा खर्च करावा लागतो. बुद्धिबळात प्यादं 'बघून ये' म्हणून पाठवत नाहीत.

आजोबा६४

मुद्दा मान्य. मग तुम्ही पहिल्या दहा चालींत नेमकं काय बघता, ते कुणीतरी नीट लिहा. उत्सुकता आहे.

जुना_लॅपटॉप

मी बॅटल फॉर वेस्नॉथवाला. हाही टर्न बेस्ड लढाईचाच खेळ. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, २००३ पासून आहे आणि माझ्या पंखा घरघरणाऱ्या यंत्रावरही चालतो. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या उदाहरणाने देतो.

वेस्नॉथमध्ये पहिला प्रश्न: समोर कोण आहे? मी लॉयलिस्ट (माणसांची फौज) घेतले की सवयीने भालाईत भरती करतो. स्वस्त, आणि कुणी अंगावर आला तरी पहिला वार यांचा. समोर घोडेस्वार असले तर उत्तमच. पण समोर अनडेड (मेलेल्यांची फौज) असले तर भाला सांगाड्याच्या बरगड्यांतून आरपार जातो आणि त्याला फारसं काही होत नाही. भोसकणाऱ्या हत्याराविरुद्ध सांगाड्याला ६० टक्के सूट, पात्याविरुद्ध ४०. तिथे गदावाला हेवी इन्फंट्री हवा आणि आग फेकणारा मेज (जादूगार). मेजचा वार शत्रू कुठेही लपला असला तरी ७० टक्के लागतो. तेच सोनं, तोच किल्ला, पण भरती पूर्ण वेगळी.

दुसरा प्रश्न: वाजले किती? लॉयलिस्टांचा मार दिवसा २५ टक्क्यांनी वाढतो, रात्री तेवढाच घटतो. ऑर्क (राक्षसी टोळ्या) आणि अनडेडचं बरोबर उलटं. एक दिवस सहा टर्नचा. नवखा माणूस दुपारी जिंकत असतो म्हणून संध्याकाळीही पुढेच जातो आणि रात्रीच्या दोन टर्नमध्ये कापला जातो. जुना माणूस संध्याकाळीच पाय मागे घेतो. जखमींना गावात बसवतो, एखादा घाट किंवा नदीचा काठ धरतो, ऑर्कला पाण्यात उभं राहून लढायला लावतो आणि पहाटे पुन्हा निघतो. एकाच लढाईत दर सहा टर्नला आपली पद्धत दोनदा उलटी करायची. हे हातात बसलं की सिव्हमध्ये फार फरक पडतो, कारण 'आत्ता माझी वेळ आहे का' हा प्रश्न आपोआप पडायला लागतो.

सईची आई

वाखूसा (वाचनखूण साठवली). @जुना_लॅपटॉप, माझ्या लेकीला (इयत्ता आठवी) वेस्नॉथ लावून दिलं. ती फक्त एल्फ (जंगलात राहणारी जमात) घेते आणि जंगलातून बाहेरच येत नाही. संगणक झाडीत येऊन मरतो. तिला पद्धत बदल म्हणू की नको?

जुना_लॅपटॉप

अजिबात नको! जंगलात एल्फला गाठणं महाकठीण, बरोबर खेळतेय ती. फक्त एकदा तिला गुहांचा नकाशा द्या.

गल्लीतला सम्राट

माझं ऐका, एज ऑफ एम्पायर्समध्ये पहिल्या दहा मिनिटांत गावकरी मोजून...

बारक्या

अहो सम्राट, तो रिअल टाइम आहे, पाळी नसते, सगळे एकदमच खेळतात. धागा टर्न बेस्डचा आहे.

गल्लीतला सम्राट

वोलोलो. (एजमधल्या पुजाऱ्याचा मंत्र!)

सातारचा_वारा

'एम्पायर: टोटल वॉर' चालेल का मग? नकाशावर टर्न, लढाई रिअल टाइम. १७०० पासून सुरू होतो आणि मराठे घेऊन खेळता येतं. आपल्या रक्तातच गनिमी कावा आहे, आपल्याला पद्धत बदलायला कुणी शिकवायला नको.

तिरपा घोडा

रक्तात असेल हो, पण मी तुमचा खेळ पाहिलाय. दर वेळी अख्खी फौज एका रांगेत उभी करून तोफांसमोर चालत जाता. :)

सातारचा_वारा

तुम्ही तो व्हिडिओ विसरणार नाही ना? असो. थोडं गंभीरपणे. सिव्ह ६ मध्ये मी ही युक्ती खरंच वापरतो. शहर घ्यायच्या फंदात पडायचं नाही. हलके घोडेस्वार घ्यायचे, त्यांना डेप्रेडेशनची बढती द्यायची, म्हणजे लुटायला एकच पाऊल खर्च होतं. आत शिरायचं, कॅम्पस लुटला की विज्ञान मिळतं, कमर्शियल हब लुटला की सोनं, आणि शहराचे बाण दोनदा बसायच्या आत बाहेर. तटबंदी असलेल्या बलाढ्य शेजाऱ्याशी खेळायचा हा तिसरा मार्ग आहे. युद्ध जिंकायचं नसतं, चौथाई वसूल करायची असते. विज्ञानात मागे पडलेला माणूस यावर पुन्हा उभा राहतो.

उंटावरचा शहाणा

लुटालुटीचं समर्थन या धाग्यावर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

लांबचा_भाऊ

न्यू जर्सीहून नमस्कार. सगळे संगणकाशी खेळताय म्हणून हा प्रश्न पडतोय. संगणक तुमची सवय ओळखत नाही, म्हणून ती शंभर वेळा खपते. आम्ही चुलत भावंडं फोनवर पॉलिटोपिया (सिव्हसारखाच, पण छोटा खेळ) खेळतो, पुणे-कोल्हापूर-एडिसन अशी मॅच. मी नेहमी घोडेस्वार घेऊन लवकर घुसायचो. थोड्याच मॅचमध्ये कोल्हापूरकराने माझ्या वाटेवर भालदार उभे करायला सुरुवात केली. आता मी कधी रस्ते आणि बाजार करत बसतो, कधी घोडेस्वार. दोन्ही करू शकतो हे त्याला माहीत असणं हाच अर्धा फायदा. त्याला भालदारांवर पैसे घालावेच लागतात, मी घोडेस्वार काढो न काढो.

मृण्मयी_के

@लांबचा_भाऊ, +१. शेवटचं वाक्य चिकटवून ठेवण्यासारखं आहे.

पेंगुळलेला

सिव्ह ७ बद्दल कुणीच बोलत नाहीये? २०२५ च्या फेब्रुवारीत आला, तेव्हा त्यात युग बदललं की संस्कृतीच बदलावी लागायची. नेता तोच, राष्ट्र नवीन. म्हणजे बनवणाऱ्यांनीच 'सवय मोडा' असा फतवा काढला. ह्यूमनकाइंड या खेळाने हे २०२१ मध्येच केलं होतं. मला दोन्हीकडे आवडलं नाही. रोम उभा करायचा आणि मग त्याला रोम म्हणायचं नाही? नकाशा बघून मी बदलीन, पण कॅलेंडर सांगतंय म्हणून बदलायला लावू नका.

नागपुरी_तडका

पण टायमर लावला तं चालतो, भाऊ? दोन्ही एकच झालं ना.

पेंगुळलेला

एक नाही. टायमर मला सांगतो 'लवकर ये', कसं यायचं ते माझ्यावर. युग सांगतं 'आता तू दुसरा कुणीतरी हो'.

गल्लीतला सम्राट

रच्याकने (जाता जाता), जुन्या सिव्हमध्ये गांधीजी अणुबॉम्ब का टाकायचे ते माहीतेय का? त्यांचा आक्रमकपणा १ होता, लोकशाही आली की २ ने कमी व्हायचा आणि आकडा उलटून २५५ व्हायचा!

मृण्मयी_के

ही दंतकथा आहे. खुद्द सिड मायरनी २०२० च्या आत्मचरित्रात असा बग नव्हताच म्हणून सांगितलंय. सिव्ह ५ मध्ये मात्र गांधींचा अण्वस्त्रांकडचा कल गंमत म्हणून मुद्दाम वर ठेवला होता. आता कृपया मूळ विषयावर या.

शेवटचीचाल

सगळ्यांचे धन्स. काल इम्मॉर्टल (एम्पररच्या वरची पातळी) लावलं, संस्कृती 'रँडम' ठेवली आणि न्यूबिया मिळाला. आता ऐका: राजधानी समुद्रकाठी, पण चारही बाजूंना टुंड्रा (गारठलेली ओसाड जमीन). डोंगर औषधालाही नाही. जमिनीवरून आठ-नऊ षटकोनांवर नॉर्वेचा हॅराल्ड. संस्कृती म्हणते लढ, कारण न्यूबियाचे धनुर्धारी स्वस्त आणि वेगवान. नकाशा म्हणतो इथे काही पिकणार नाही. कॅम्पसला जागाच नाही. हात सवयीने आश्चर्याकडे, स्टोनहेंजकडे जातोय. काय करू?

उंटावरचा शहाणा

न्यूबियाला वाळवंटाऐवजी टुंड्रा? नकाशाने तुमची मस्करी केलीय. नवीन नकाशा काढा आणि चहा प्या.

मृण्मयी_के

नवीन नकाशा काढू नका, हीच तर परीक्षा. आणि इम्मॉर्टलवर स्टोनहेंजला हात लावायचा नाही.

टुंड्राचं सोनं करायचा एक रस्ता आहे. गॉड-किंगचं धोरण-कार्ड लावा, म्हणजे राजधानीत दर टर्नला एक श्रद्धा जमते. २५ झाली की पँथिऑन (पहिली धार्मिक देणगी) घ्यायचं, 'डान्स ऑफ द ऑरोरा'. त्याने होली साइटला (धर्माच्या डिस्ट्रिक्टला) शेजारच्या प्रत्येक टुंड्रा षटकोनामागे एक श्रद्धा मिळते. सहाही बाजूंना टुंड्रा असेल तर सरळ सहा. मग प्रेषित मिळवून, धर्म स्थापून 'वर्क एथिक' ही शिकवण घेतलीत की जितकी ती श्रद्धा तितकंच उत्पादन. ओसाड शहर एकदम कारखाना होतं. धोका एकच, प्रेषितांची संख्या मर्यादित आहे. पहिल्या दोन्ही शहरांत होली साइट लवकर टाका आणि गरज पडली तर प्रार्थनेचा प्रकल्प चालवा.

सातारचा_वारा

इतकं लांबण कशाला? न्यूबिया आहे. त्याचा खास धनुर्धारी पिटाटी आर्चर तीन पावलं चालतो, साध्या आर्चरपेक्षा जोरदार आहे. चार पिटाटी, एक योद्धा, हॅराल्डला तटबंदी व्हायच्या आत गाठायचं. त्याच्याकडे हिरवी जमीन असेल ती घ्या. प्रार्थना नंतर करा.

मृण्मयी_के

आणि तो डोंगराआड निघाला तर? चार तुकड्या काढल्या, होली साइट राहिली, प्रेषितही गेला. स्काउटने त्याची राजधानी पाहिलीय का, हे आधी विचारा.

जुना_लॅपटॉप

दोघांचंही बरोबर, फक्त क्रम ठरवायचाय. पँथिऑनला २५ श्रद्धा साठायला वेळ लागतोच, त्याला हात लावावा लागत नाही. तेवढ्या टर्नमध्ये स्लिंगर काढा आणि स्काउट हॅराल्डकडे पाठवा. त्याचं शहर सपाटीवर दिसलं तर सातारकरांचं ऐका, टेकड्यांमागे किंवा नदीपलीकडे दिसलं तर मृण्मयीताईंचं. निर्णय स्काउट पोचेल त्या टर्नला घ्यायचा, आज नाही.

आजोबा६४

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

शेवटचीचाल

स्काउट पोचला. हॅराल्डची राजधानी नदीपलीकडे, दोन बाजूंना टेकड्या. म्हणून ऑरोरा घेतलं, ते मिळालं. प्रेषितासाठी प्रार्थना चालू आहे. तीन पिटाटी फक्त राखणीला. पण आता नवीन भानगड. हॅराल्डच्या लाँगशिपा (लुटारू जहाजं) किनाऱ्यावर फिरतायत, एक मासेमारीची होडी लुटलीसुद्धा. पिटाटी किनाऱ्यावरून मारतात, पण जहाज जखमी झालं की पळून जातं.

तिरपा घोडा

दोन-तीन गॅली (लढाऊ जहाजं) बांधा. हॅराल्डचा स्वभावच असा आहे की ज्याचं आरमार मोठं त्याला तो मानतो, दुबळ्याला तुच्छ लेखतो. लढायचीही गरज नाही, बंदरात दिसली तरी त्याचा चेहरा बदलतो.

सातारचा_वारा

न्यूबिया, टुंड्रा, देवभक्ती आणि आता आरमार. शेवटचीचाल, तुमचा कॅम्पस कुठे गेला हो?

शेवटचीचाल

अजून एकही नाही. गॅली दोन काढल्या, तिसरीला सोनं पुरत नाही. पिटाटी विकून टाकू का?

मृण्मयी_के

पिटाटी विकू नका!! रानटी टोळ्या अजून आहेत. आधी व्यापारी पाठवा, सोनं तिथून येईल. आणि लाँगशिप लुटायला येते ती जिथे काही बांधलंय तिथेच, तेव्हा पुढची होडी राजधानीला लागून टाका, पिटाटीच्या माऱ्यात राहील, आणि तटबंदी झाली की शहराच्याही.